धुऱ्यावरची रुई राहू द्या

कौंडण्यपूर म्हटले की रुक्मिणीमातेचे माहेर, वर्धेचा काठ आणि आषाढीला पंढरपूरला जाणारी पालखी आठवते. आज मात्र सांगायचे आहे ते याच भागातल्या धुऱ्यांवर, पडीक जागेत उभ्या असलेल्या एका झुडपाविषयी. शनिवारी मारुतीला माळ घालायची म्हणून आपण त्याची पाने-फुले तोडतो आणि रविवारी त्याच्यावरच तणनाशकाचा पंप चालवतो. ती ही रुई!

एप्रिल-मे महिन्यात शेतात उभे राहून पाहा. पऱ्हाटी उपटलेली, तूर घरी आलेली, काळी जमीन भेगाळलेली. पिकाचे एक फूल दिसायचे नाही. अशा उन्हात रुई बिनपाण्याची फुलते, कारण तिची मुळे खोल गेलेली असतात. तिच्या मधावर मोठा काळा भुंगा पोट भरतो. रुईचा पराग पिठासारखा सुटा नसतो, त्याच्या चिमुकल्या जोडपिशव्या असतात. फुलातल्या फटीत भुंग्याचा पाय अडकतो, तो ओढून काढताना पिशवी पायाला चिकटते आणि पुढच्या फुलावर पोहोचते. एवढी ओढाताण लहान माशीला झेपत नाही.

हाच भुंगा दिवाळीच्या पुढेमागे तुरीच्या फुलांवर येतो. तूर आपली आपणही शेंगा धरते, हे खरे. पण भुंगे-माश्या फिरल्या की परपरागीकरण होते आणि शेंगा धरायला हातभार लागतो. मग उन्हाळाभर उपाशी ठेवलेला भुंगा तुरीच्या वेळी कोठून यायचा?

रुईची कीड कपाशीवर येईल, अशी धास्ती पुष्कळांना वाटते. रुईवरचा पिवळाजर्द मावा वेगळा, कपाशीवरचा वेगळा. उलट तो खायला ढालकिडे येतात, ते आपलेच मित्र. पानांवरची काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी रुईच्याच कुळावर जगते. पुढे तिचे नारिंगी फुलपाखरू होते.

असलेले झुडूप राखणे सर्वांत सोपे. नवे हवे असेल तर फळे तडकून म्हाताऱ्या उडण्याआधी बी काढून ठेवा आणि पावसाळा लागला की धुऱ्याच्या कडेला उथळ टोका. चार-पाच झुडपे पुरेत. वावरात मात्र नकोत. भुंगा वाळल्या लाकडात भोक पाडून घर करतो, तेव्हा धुऱ्यावरचे एखादे वाळके खोडही जाळू नका.

आणि घरातल्या बायामुलांना बजावून ठेवा : रुईचा चीक विषारी आहे. माळेसाठी पाने तोडल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नयेत. चीक डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि घरगुती औषध न करता दवाखाना गाठा.