हळदीचं पुस्तक मुलांनी लिहावं

दरवर्षी वाचन प्रेरणा दिन होतो. पंधरा ऑक्टोबरला शाळाशाळांत पुस्तकांची प्रदर्शनं लागतात, मुलांचे वाचतानाचे फोटो निघतात. त्या टेबलांवर मुलांनी स्वतः पाहून, चार माणसांना विचारून लिहिलेलं माहितीचं एक तरी पुस्तक असतं का?

हिंगोली जिल्ह्यात त्यासाठी विषय शोधत फिरावं लागत नाही. वसमतकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते. जेठे गड्डे कोणते, बगल गड्डे कोणते, बेण्याला काय ठेवायचं, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. हळद शिजली का ते काडी टोचून पाहतात. काडी सहज आत गेली की उतरवायची. जास्त शिजली तर रंग बिघडतो. मग उन्हात वाळवण, मग ड्रममध्ये पॉलिश. रात्री जाळापाशी बसलेल्या आजोबांना विचारून हे सगळं त्यानं वीस पानांत मांडलं तर ते अस्सल पुस्तक होईल. परीक्षेत मात्र आपण त्याला ‘मी पक्षी झालो तर’ लिहायला लावतो, आणि तेही तो गाईडमधून पाठ करून उतरवतो.

लहान मुलांना असलं लेखन झेपेल का, असं विचारणाऱ्यांनी मुक्ता साळवे आठवावी. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, चौदा-एक वर्षांची मातंग समाजातली ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’नं 1855 साली, 15 फेब्रुवारी आणि 1 मार्चच्या अंकांत छापला. त्यात नुसता विलाप नाही. इमारतींच्या पायात माणसं पुरली जात, तालमीपुढून गेलेल्या माणसाचं शिर गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखं उडवलं जाई, बाळंत होणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसे, असं ती ठिकाणासकट, तपशिलासकट सांगते आणि मग थेट धर्मालाच जाब विचारते. मराठी वैचारिक गद्याची सुरुवात शिकवताना हा निबंध पहिल्या धड्यांत हवा, असं माझं ठाम मत आहे.

मुक्ताला छापणारं कुणी तरी होतं, हेही तितकंच महत्त्वाचं. फ्रान्समध्ये सेलेस्तीन फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकानं 1920च्या दशकात वर्गातच छापखाना मांडला. मुलं आपले मजकूर स्वतः जुळवून छापत आणि टपालानं दूरच्या शाळेला पाठवत. समुद्रकाठची मुलं डोंगरातल्या मुलांकडून शिकत.

आपल्याकडे शाळेचं हस्तलिखित निघतं, पाहुण्यांच्या हस्ते त्याचं प्रकाशन होतं आणि ती एकुलती एक प्रत कपाटात जाते. तिच्या पन्नास झेरॉक्स काढायला कितीसे पैसे लागतात? वसमतच्या मुलांचं हळदीचं पुस्तक सेनगावच्या शाळेत जावं. नर्सीच्या मुलांनी नामदेवांच्या यात्रेत दुकान मांडणाऱ्यांना बोलतं करून लिहावं. औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ची वेधशाळा उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, 2023मध्ये केंद्रानं मंजूर केलेले 2600 कोटी, हे सगळं पेपरात आलं. जमीन कुणाची गेली, रस्ते कसे बदलले, शास्त्रज्ञांना इथलीच शांत जमीन का हवी होती, हे तिथल्या आठवीतल्या मुलीनं विचारून लिहावं. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत तिला ते उभं राहून वाचू द्यावं, सरपंचांनी उत्तरं द्यावीत.