गोळी मोठी की हात पक्का?

पिस्तुलाचं कॅलिबर निवडायचं म्हणजे गोळी किती जाड हवी ते ठरवायचं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जाड गोळी समोरच्याला लवकर थांबवणार, हे वरवर पटतंही. अमेरिकी लष्कराने याच विचाराने १९११ साली शस्त्र-रचनाकार जॉन ब्राउनिंगचं ४५ बोअरचं, म्हणजे ०.४५ इंच व्यासाच्या गोळीचं, पिस्तूल स्वीकारलं. फिलिपिन्सच्या लढायांत ३८ बोअरची रिव्हॉल्व्हर तोकडी पडते, अशा तक्रारी आल्या होत्या. १९०४ मध्ये जनावरांवर आणि मानवी मृतदेहांवर गोळ्या झाडून चाचण्या झाल्या आणि ४५ पेक्षा कमी बोअर नकोच, असा निष्कर्ष निघाला. त्याच काळात जर्मनीत गेऑर्ग लुगरचं ९ मिलिमीटरचं काडतूस आधी आरमारात आणि १९०८ मध्ये लष्करात रुजू झालं. तेव्हापासून ‘९ की ४५’ हा वाद धगधगतो आहे. त्याचं उत्तर गोळीच्या व्यासात शोधत राहिल्यानेच तो इतका लांबला. ते उत्तर चालवणाऱ्याच्या हातात आहे, आणि अमेरिकेच्या एफबीआयने जवळपास तीस वर्षांचा वळसा घालून ते स्वतःच सिद्ध करून दाखवलं.

या वळशाची सुरुवात ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झाली. एफबीआयच्या आठ जणांची दोन बँक दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला ९ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत लागली होती, पण ती हृदयाच्या अलीकडेच थांबली आणि तो रायफल चालवतच राहिला. खापर ९ मिलिमीटरवर फुटलं. एफबीआयने १० मिलिमीटरचं जबर काडतूस निवडलं, पण त्याचा धक्का अनेकांना पेलेना. मग त्यातली ताकद कमी करण्यात आली. तेवढीच ताकद छोट्या पुंगळीत बसवता येईल, हे ओळखून १९९० मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी ४० बोअर बाजारात आणलं. १९९७ मध्ये एफबीआयने ते स्वीकारलं, पाठोपाठ अनेक अमेरिकी पोलीस दलांनीही. आणि २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने सविस्तर टिपण लिहून ९ मिलिमीटरकडे परतण्याची शिफारस केली. मधल्या काळात सुधारली होती ती गोळीची रचना. मायामीतली उणीवही व्यासाची नव्हती, खोलीची होती. ती गोळी शरीरात लवकर फुलली आणि आवश्यक तितकी आत गेली नाही. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच खोली ही कसोटी ठरवली. आजची चांगली ९ मिलिमीटरची गोळी ती पार करते.

आता हिशेब मांडून पाहू. ९ मिलिमीटरची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने जाते, तिची ऊर्जा ४९० ज्यूल भरते. ४५ बोअरची सुमारे १५ ग्रॅमची गोळी साधारण २५५ मीटर वेगाने जाते, तिचीही ऊर्जा जवळपास तेवढीच. संवेगात, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारात, मात्र ४५ बोअर सुमारे एक तृतीयांशाने पुढे आहे, आणि हाताला बसणारा धक्का मुख्यतः संवेगावर ठरतो. म्हणजे लक्ष्यापाशी ऊर्जा सारखीच आणि मनगटावर भार जास्त. धक्का वाढला की नळी वर उचलली जाते, दुसरी गोळी उशिरा आणि बाजूला जाते. शिवाय जाड काडतुसं मॅगझिनमध्ये कमी मावतात. ग्लॉकच्या पूर्ण आकाराच्या पिस्तुलात ९ मिलिमीटरच्या १७, ४० बोअरच्या १५ आणि ४५ बोअरच्या १३ गोळ्या बसतात.

यावर आक्षेप येईल की, सुधारित रचनेचा फायदा ४५ बोअरलाही मिळालाच ना? मिळाला. पण आवश्यक खोली एकदा गाठली की जादा व्यासाने जखम काही मिलिमीटरच रुंदावते, तर जादा धक्क्याची किंमत प्रत्येक गोळीला मोजावी लागते. पिस्तुलाची गोळी रायफलसारखी आजूबाजूच्या पेशींची मोठी नासधूस करत नाही. ती जिथून जाते तिथलाच भाग प्रामुख्याने फाटतो, म्हणून ती नेमकी कुठे लागली यावर सगळं अवलंबून. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: मग सर्वांत हलकं २२ बोअरच का नको? नेमबाजीत ते आहेच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, तो प्रकार २२ बोअरचाच. तिथे कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर फक्त अचूकता मोजतात. संरक्षणासाठी मात्र खोलीची किमान मर्यादा आहे, आणि बहुतेक २२ बोअर तिथे कमी पडतात. म्हणून नियम असा निघतो: खोलीची कसोटी पार करणाऱ्या काडतुसांपैकी जे सर्वांत कमी धक्का देतं, ते निवडावं.

भारतात ही निवड बरीचशी कायद्यानेच केली आहे. ९ मिलिमीटर पोलीस आणि सैन्यदलांकडे असतं. स्वसंरक्षणाच्या सामान्य परवान्यावर नागरिकाला ते मिळत नाही, त्याच्या वाट्याला बहुधा ३२ बोअर येतं. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांवर उमटणारी ‘केएफ’ ही अक्षरं परवानाधारकांच्या ओळखीची आहेत. ३२ बोअर ९ मिलिमीटरपेक्षा दुबळं आहे, हे खरंच. पण त्याच्या धक्क्याशी जुळवून घेणं सोपं आहे आणि नियमित सराव झाला तर ते नेमकं चालवता येतं. सरावच नसेल, तर ४५ बोअरनेही नेम चुकलेलाच राहील. परवानाधारकाने बोअरवर हळहळण्यापेक्षा नेमबाजीच्या मैदानावर वेळ घालवावा, आणि शस्त्र घरात कुलपात ठेवायची काळजी घ्यावी. हे दोन्ही जमणार नसेल, तर कोणतंही कॅलिबर त्याच्यासाठी योग्य नाही.