रानातली गाणी (भाग ७) : मंडळ बदलतं, खंजेरी चालू

धान कापून झालं, पुंजणे रचले गेले की ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, चिमूर, आरमोरी, देसाईगंज या पट्ट्यातल्या रात्री जाग्या होतात. मागच्या भागात आपण मंडई आणि झाडीपट्टीची नाटकं पाहिली. नाटकाला तिकीट असतं, तंबू असतो, वडशाहून आलेली कंपनी असते. त्याच दिवसांत, त्याच गावांत, तिकिटाविना चालणारा आणखी एक कार्यक्रम असतो. चौकात फ्लेक्स लागतो : 'भव्य खंजेरी भजन स्पर्धा'. पुरुष गट, महिला गट, बाल गट. खाली बक्षिसांची यादी आणि ती देणाऱ्यांची नावं, बहुधा फोटोसकट.

ही भजनं मुख्यतः राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ला. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता काठी टेकत चालते. तरी बाल गटात दहा वर्षांची पोरगी खंजेरी धरते आणि तिला चार कडवी तोंडपाठ असतात. हे कशाच्या जोरावर चाललं आहे? भक्तीच्या, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. भक्ती अनेकांवर असते. गाणी मात्र सगळ्यांची टिकत नाहीत.

जरा लांबून येऊ. १९४८मध्ये न्यूयॉर्कमध्ये चौघांनी मिळून 'द वीव्हर्स' नावाचं मंडळ काढलं : पीट सीगर, ली हेज, रॉनी गिल्बर्ट आणि फ्रेड हेलरमन. लोकगीतं, मजुरांची गाणी, बँजो आणि गिटार. १९५०मध्ये त्यांचं 'गुडनाइट आयरीन' तेरा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. मग साम्यवादी असल्याचा शिक्का बसला, कार्यक्रम रद्द होऊ लागले, रेडिओनं दार लावलं आणि मंडळ मोडलं. १९५५च्या नाताळाच्या आदल्या रात्री कार्नेगी हॉलमध्ये ते पुन्हा एकत्र आले, तेव्हा सभागृह भरलेलं होतं. सीगरची एक खोड होती. समोरचे लोक गप्प बसून ऐकू लागले की त्याला चैन पडत नसे. पुढची ओळ तो गाण्याच्या आधीच भरभर बोलून टाकायचा, म्हणजे शब्द न येणारा माणूसही सुरात सूर मिसळायचा.

भजनी मंडळात बसलेल्याला यात नवल वाटणार नाही. म्होरक्या ओळ टाकतो, झीलकरी उचलतात, धृपद सगळे मिळून घेतात. ज्याला कडवं येत नाही त्याला धृपद येतं, ज्याला धृपदही येत नाही त्याच्या हातात टाळ देतात. कुणालाच नुसतं बसू देत नाहीत. माझ्या मते या गाण्यांच्या टिकाऊपणाचं पहिलं कारण हेच, ती ऐकणाऱ्याला कामाला लावतात. कानांवर सोडलेलं गाणं कान दुसरीकडे वळले की संपतं. जे गाणं चालवायला दहा माणसं लागतात, त्याच्या मागे ती दहा माणसं उभी राहतात.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. नाव माणिक बंडोजी इंगळे. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या केलं आणि तीच मुद्रा पुढे भजनांच्या शेवटच्या कडव्यात बसली. कोवळ्या वयात घर सोडून हा मुलगा भटकला तो बराचसा आपल्याच रानात. चिमूरच्या जंगलातली रामदिघी आणि गोंदोडा ही ठिकाणं त्यांच्या साधनेची म्हणून आजही दाखवली जातात. १९३५मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम झाला, पण चांदा म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्याशी जुळलेलं सुटलं नाही.

ते किती घट्ट होतं हे १९४२नं दाखवलं. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला, जमावानं अधिकाऱ्यांना ठार केलं आणि मग लष्कर गावात शिरलं. बायकांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला. झाडं, दगड हीच आपली हत्यारं होतील अशा अर्थाचं महाराजांचं एक हिंदी भजन या दिवसांशी कायमचं जोडलं गेलं. सरकारनंही हिशेब तोच मांडला. ऑगस्ट संपायच्या आत महाराजांना चांद्याला अटक झाली. नागपूर आणि रायपूरचे तुरुंग पाहून ते डिसेंबरात सुटले. खंजेरी वाजवणाऱ्या माणसाला आत टाकण्याइतकं सरकार घाबरलं, ही त्या वाद्याला मिळालेली सर्वांत मोठी पावती म्हणायला हरकत नाही.

हिंदी भजन का, असं पुण्या-मुंबईचे वाचक विचारतात. तेव्हा हा मुलूख मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात. बाजाराची, कचेरीची, रेल्वेची हिंदी चांद्याच्या माणसाला परकी नव्हती. महाराज दोन्ही भाषांत सारख्याच सहजपणे रचत आणि मंडळं आजही एक मराठी, एक हिंदी असं सरसकट म्हणतात.

दुसरी युक्ती चालींची. भजनांची जुनी पुस्तकं उघडली तर बऱ्याच रचनांच्या डोक्यावर कंसात 'तर्ज' दिलेली दिसते, म्हणजे लोकांच्या ओठांवर आधीपासून असलेली चाल. शिकायला नोटेशन नको, गुरू नको. चाल येते, फक्त शब्द बसवायचे. आता पोरं सिनेगीतांच्या चालींवर भजन म्हणतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही पुस्तकं एकदा चाळावीत.

आणि वाद्य. लाकडी कडं, एका तोंडाला बकरीचं कातडं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. दक्षिणेतल्या कंजिऱ्याला घोरपडीचं कातडं लागे. वन्यजीव कायद्याच्या राज्यात ते परवडणारं नाही, आणि आमच्याकडे त्याची गरजही पडली नाही. डाव्या हातानं कडं धरायचं, त्याच हाताच्या बोटांनी कातड्यावर दाब देत आवाज चढवायचा-उतरवायचा, उजव्यानं वाजवायचं. पौषातल्या दवात कातडं सैल पडतं, आवाज भद्द येतो. मग मंडपामागच्या शेकोटीवर खंजेऱ्या शेकल्या जातात. फार जवळ धरली तर कातडं तडकतं, लांब धरली तर चढत नाही. शेकणारा म्हातारा अंगठ्यानं एक टिचकी मारतो, कानाशी नेतो, पुन्हा निखाऱ्यावर फिरवतो. पोरं घाई करतात, तो करू देत नाही. फायबरच्या पानाची खंजेरी आली आहे, तिला शेकोटी लागत नाही. पण तिचा आवाज मला तरी डब्यासारखा वाटतो.

स्पर्धांबद्दल माझी थोडी तक्रार आहे. परीक्षकांच्या कागदावर सूर, ताल, शब्दोच्चार असे रकाने असतात, पण टाळ्या मिळतात त्या हाताच्या फिरतीला. म्हणून लय चढत जाते आणि कडव्यातले शब्द गिळले जातात. शब्द गिळले तर या भजनात उरतं काय? अकोटकडचे सत्यपाल महाराज एकट्यानं सात खंजेऱ्या वाजवतात, तरी त्यांचं बोलणं शेवटच्या रांगेला कळतं. कसरत आणि शब्द एकत्र नांदू शकतात, एवढं त्यावरून सिद्ध होतं. अर्थात स्पर्धा नसत्या तर बाल गटही नसता, हे मान्य.

स्पर्धा वर्षातून एकदा. टिकाव धरला आहे तो रोजच्या सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेमुळे. महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ असलेल्या गावात ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी माणसं बसतात, सात असोत की सत्तर. वीव्हर्स चार होते. ते थकले, पांगले, १९८१मध्ये शेवटचं एकत्र गायले आणि संपले. त्यांची गाणी राहिली, पण ती म्हणायला ठरलेली वेळ कुणाकडे नव्हती. इथे मंडळाला मूळचा संच असा नसतोच. म्होरक्या गेला की झीलकऱ्यांतला एक पुढे सरकतो. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर तुकारामदादा गीताचार्यांनी महाराजांच्या ग्रामगीतेचं काम उभं केलं. तेही गेले, टेकडी चालू आहे. वेळेचा हा काटेकोरपणा मोझरीला पुण्यतिथीच्या दिवशी पाहावा : दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सारा जमाव मौन उभा राहतो.

शेवटचं कारण सुखाचं नाही. या भजनांतले विषय अजून निकाली निघालेले नाहीत. दारू, हुंडा, सावकार, अस्वच्छता, देवापुढे मारलेले बोकड. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरला ती २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. बंदीच्या आधी, बंदीत आणि बंदीनंतर महिला मंडळांनी तीच दारूची भजनं म्हटली. एक ओळ बदलावी लागली नाही. बायकांच्या आवाजात ती ऐकताना मागच्या रांगेतले काही पुरुष तंबाखू मळायच्या निमित्तानं मान खाली घालतात.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. खंजेरीचा हा मुलूख वैनगंगेच्या दोन्ही काठांचा, धानाच्या बांध्यांचा. एटापल्ली, भामरागडकडे जावं तसा तिचा आवाज विरळ होतो. तिथल्या माडिया गावांत गाण्याचं घर गोटुल आहे, आणि रेला गाताना पोरी एकमेकींच्या कमरेत हात घालून फेर धरतात. तिथे म्होरक्या कोण आणि झील कोण हे बाहेरच्याला चटकन कळतही नाही. त्या फेराकडे पुढच्या आठवड्यात जाऊ.