शेतावरील जुन्या तीनचाकीचा धूर : परीक्षा व उपाय

धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असला पाहिजे, असे अनुमान तर्कशास्त्र शिकविते. इंजिनाच्या बाबतीत हे अनुमान किंचित फिरवून घ्यावे लागते. धूर दिसला म्हणजे आतील अग्नी नीट पेटत नाही, किंवा जे जळू नये ते जळत आहे, असे समजावे. यांपैकी नेमके काय घडत आहे हे ओळखल्यावाचून पाना हाती धरणे म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला, अशातला प्रकार होतो.

मालवाहू तीनचाकी आता आपल्या शिवारात बैलगाडीइतकीच रुळली आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मन परवान्याने तीनचाकी बनविण्यास आरंभ केला, आणि ‘टेम्पो’ हे त्या गाडीचे नाव मराठीत लहान मालगाडीचे सामान्य नामच होऊन बसले. भाजीपाला, खताच्या गोण्या व दुधाचे कॅन वाहणाऱ्या पुष्कळ जुन्या तीनचाकींना एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे डिझेल इंजिन असते. डांबरी रस्त्यावर उमेदीची वर्षे काढून अशी गाडी उतारवयात शेतकऱ्याकडे येते, आणि पाणंदीतील फुफाटा तिच्या नशिबी येतो. ती धूर ओकू लागली की मालक एक तर तिला भंगारात काढतो, अथवा पहिल्याच सल्ल्यावर इंजिन उतरवितो. ऐन हंगामात गाडी आठ-पंधरा दिवस अडकली तर तोडलेला माल बांधावर सडतो, हे निराळे सांगणे नको. यास्तव कमी खर्चाची तपासणी आधी व अधिक खर्चाची नंतर, हा क्रम सोडू नये.

धुराचे रंग

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबाने हवा तापते, आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हवा पुरेशी, दाब पुरेसा व फवारा बारीक, ही तीन पथ्ये सांभाळली गेली म्हणजे धूर बहुधा दिसत नाही.

काळा धूर म्हणजे डिझेल अधिक व हवा कमी. वारा न मिळालेली चूल जशी काजळी धरते, तसाच हा प्रकार होय. तुंबलेला एअर फिल्टर, थेंब गाळणारे नोझल किंवा शक्तीबाहेरचे ओझे, ही त्याची नेहमीची कारणे.

पांढरा धूर डोळ्यांस झोंबतो व त्यास कच्च्या डिझेलचा वास येतो. थंडीच्या सकाळी तो क्षणभर दिसला तर चिंता नको. इंजिन तापल्यावरही टिकला तर डिझेलमधील पाणी, नोझल, पंपाचे टायमिंग व कॉम्प्रेशन पाहावे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाण्याचा कप्पाच नसतो; तेव्हा ‘गॅस्केट फुटून पाणी आत शिरते’ हे निदान येथे लागू पडत नाही.

निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. सर्वांत खर्चाचा रोग हाच, आणि घाईने चुकीचे निदान होते तेही बहुधा येथेच.

तपासणीचा क्रम

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी ऑईलची पट्टी पाहावी. ऑईल वरच्या खुणेच्या वर असेल तर जादा ऑईल काढून टाकावे. एवढ्यानेही धूर थांबल्याची उदाहरणे आहेत. पट्टीवरील ऑईल आपोआप वाढू लागले तर मात्र आनंद मानू नये. ते पातळ असून त्यास डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल खाली उतरत आहे. अशी गाडी चालवू नये. पातळ ऑईलाने बेअरिंगे जातात.

दुसरी पाहणी एअर फिल्टरची. कागदी फिल्टर तुंबला असल्यास धूत न बसता बदलावा. ज्या फिल्टरच्या भांड्यात ऑईल घालतात, त्यात ते खुणेपर्यंतच घालावे. अधिक घातलेले ऑईल हवेबरोबर ओढले जाते व निळा धूर देते. क्वचित इंजिन त्याच ऑईलावर बेफाम धावते व डिझेल तोडले तरी थांबत नाही. अशा वेळी हवा ओढण्याचे तोंड सपाट फळीने बंद करावे. तेथे हात मात्र कधीही लावू नये.

तिसरी पाहणी फुकटची, पण सर्वांत मोलाची. इंजिन बंद ठेवून फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाईप सोडावा व आतून पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडक्यावर धूळ आली तर गाळल्यावाचून हवा आत जात आहे हे सिद्ध झाले. धुळीतील वाळूचे कण रिंगा व सिलिंडर कानशीप्रमाणे घासतात.

आमच्या तालुक्यात एका टोमॅटो पिकविणाऱ्या बागाईतदाराच्या गाडीत वर्षभरात दोन वेळा नव्या रिंगा पडल्या, आणि दोन्ही वेळा धूर परत आला. तिसऱ्या मिस्त्रीने फडके फिरविले तेव्हा ते तांबडे निघाले. पाईपला क्लिपखाली केसाएवढी चीर होती. ती वरून दिसत नव्हती, पण दोन दुरुस्त्यांचा पैसा तिनेच खाल्ला.

तदनंतर ब्रीदरची नळी चिखलाने बंद झाली आहे काय ते पाहावे. ती तुंबल्यास आतील दाब वाढून ऑईल नको तेथे चढते. शेवटी, तापलेले इंजिन मंद चालू ठेवून ऑईल भरण्याचे झाकण जपून काढावे. किंचित धाप स्वाभाविक आहे. धुराचे जोरदार लोट आले तर रिंगांतून दाब निसटतो आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी निळा धूर सोडून मग निवळत असेल, तर दोष व्हॉल्व्हच्या गाईडात व सिलांत असण्याचा संभव अधिक. तेथे हेडचेच काम पुरते. ओझ्याबरोबर धूर वाढत जात असेल, तर रिंगा व बोअर यांकडे वळावे.

इंजिन उतरविणे भागच पडल्यास

सिलिंडर वर, मध्ये व खाली, तसेच आडवा व उभा असा मोजून घ्यावा. बोअर लंबगोल झाला असता नुसत्या रिंगा बदलणे व्यर्थ होय. गोल रिंग लंबगोल भिंतीस टेकत नाही. निर्मात्याच्या मर्यादेबाहेर झीज असेल तर बोअर वाढवून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन बसवावा, नाही तर पिस्टनसह नवा सिलिंडर घ्यावा. रिंगेचे तोंड फीलर गेजने मोजावे, खुणेची बाजू वर ठेवावी, व सर्व रिंगांची तोंडे एका ओळीत येऊ देऊ नयेत. सिलिंडरवरील पंखांत बसलेला चिखल व तेलकट काट खरवडून काढावा आणि पंख्याचे पत्र्याचे आवरण जागच्या जागी बसवावे. ते ‘नंतर बसवू’ म्हणून काढून ठेवलेले इंजिन तापते, व नव्या रिंगाही चिकटतात.

सावधगिरी

नोझलची परीक्षा यंत्रावर जाणत्याकडूनच करवावी. त्याचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. बंद गोठ्यात वा पडवीत इंजिन चालवू नये. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. शिवाय प्रदूषणाची मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीस, मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार, १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेतकरी बंधूंस शेवटी एकच सुचवावेसे वाटते. गाडीत एक लहान वही ठेवावी. ऑईल केव्हा व किती घातले, त्या वेळी किलोमीटरचा आकडा काय होता, फिल्टर केव्हा साफ केला, एवढेच तीत लिहावे. पीकपाहणीची नोंद वेळच्या वेळी झाली असता पुढील पुष्कळ तंटे टळतात, तसेच येथेही आहे. ऑईलाचा खप वाढू लागल्याचे ही वही धूर डोळ्यांस दिसण्यापूर्वीच सांगते. आणि त्या वेळी पाईपच्या किमतीत भागणारे काम पुढे इंजिनाच्या किमतीवर जात नाही.