गाडी बंद पडण्याआधी सांगते



जुन्नर भागात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की नारायणगावच्या बाजाराकडे क्रेट भरलेल्या पिकअप धावू लागतात. आपल्यापैकी काही जणींच्या घरी अशी गाडी आहे, काही गटांनी मिळून घेतली आहे. स्टेअरिंगवर ड्रायव्हर असतो, म्हणून गाडीचं काम त्याचं, असं आपण धरून चालतो. पण कर्जाचा हप्ता आपल्या नावावर असतो. गाडी वाटेत बंद पडली तर माल उन्हात मऊ पडतो, भाव जातो, हप्ता मात्र थांबत नाही. आणि ब्रेक लागला नाही, तर गोष्ट जिवावर येते.

गाडी सहसा एकाएकी बंद पडत नाही. ती आधी खुणा दाखवते. या खुणा ओळखायला गाडी चालवता यायलाच हवी असं नाही. डोळे, कान आणि नाक पुरे.

सकाळी गाडी सुरू करण्याआधी पाच मिनिटं द्या. रात्री गाडी उभी होती तिथली जमीन बघा. काळा डाग म्हणजे बहुधा इंजिन ऑइल गळतंय. हिरवट, गुलाबी किंवा निळसर रंगाचं पाणी म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेक ऑइलची गळती असू शकते, मग गाडी हलवूच नका. ऑइलची पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला आणि बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की तो बदलायचा. एकाच कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

आता धूर. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ दिसते, त्याची काळजी नको. पण पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर ते इंजिनच्या आत जात असण्याची शक्यता आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. भरपूर काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर बघा. आपल्या मातीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो.

चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. ‘बाजारापर्यंत जाऊ’ म्हटलं, तर पूर्ण इंजिन उघडायची वेळ येते. तापमानाचा काटा वर गेला तरी थांबायचं, पण गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. उकळतं पाणी अंगावर उडतं. चढाला इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, म्हणजे क्लच घसरतोय.

ब्रेकच्या बाबतीत सवलत नाही. पेडल मऊ लागणं, नेहमीपेक्षा खाली जाणं, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढणं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी फेरी नाही. आपला माल माळशेज घाटातून कल्याणकडे जातो. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि पकड कमी होते. म्हणून उतार खालच्या गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ.

सर्व्हिसिंग कधी करायचं, ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यातलं जे आधी येईल ते. गाडी रोज ओझं वाहते, धुळीतून जाते, तेव्हा तारीख पुढे ढकलू नका. ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, ग्रीस आणि ब्रेकची तपासणी झाली का, हे बिलावर वाचा. बदललेला जुना भाग मागून घ्या. हंगाम तोंडावर आला की गॅरेजमध्ये गर्दी होते, म्हणून महिनाभर आधीच गाडी दाखवा.

हे सगळं डोक्यात ठेवायचं नाही. आपण बचतीची वही लिहितो, तशीच गाडीची वही करा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती खर्च आला, पुढचं सर्व्हिसिंग कधी. विमा, पीयूसी आणि फिटनेसची मुदतही त्यातच. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. प्रत्येक फेरीच्या भाड्यातून ठरावीक रक्कम बाजूला टाका, म्हणजे सर्व्हिसिंगच्या वेळी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

एक गोष्ट पैशाची नाही, वागण्याची आहे. ड्रायव्हरदादाला खूण सगळ्यात आधी कळते. पण ‘गाडी थांबवली, फेरी बुडवली’ म्हणून आपण त्याची मजुरी कापली, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल आणि तशीच गाडी घाटात घालेल. म्हणून गटाच्या बैठकीत ठराव करा: बिघाड सांगून गाडी थांबवली तर त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. बुडालेली फेरी उद्या भरून निघेल. घाटातून माणूस मात्र घरी परत यायला हवा.

येत्या बैठकीत गाडीच्या वहीचं पहिलं पान सगळ्यांसमोर लिहा.