फोटोग्राफीच्या क्लासची फी भरण्याआधी एवढं विचारून घ्या

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय, पुढे काय? पूर्वी डीएड, आयटीआय, नाहीतर पोलीस भरती. आता एखादं पोरगं किंवा पोरगी सरळ सांगते, मला फोटोग्राफी शिकायची. घरचे म्हणतात, त्यात शिकायचं काय, मोबाईल तर हातातच आहे. तिकडे मोबाईलवर जाहिरातींचा पाऊस: तीन महिन्यांत प्रोफेशनल फोटोग्राफर, काम शंभर टक्के. मग सोयाबीनची पट्टी आली की ते पैसे क्लासच्या फीत जातात. ही फी एकदा भरली की परत मिळवणं अवघड असतं, म्हणून चौकशी आधीच करायची.

सुरुवात कामापासून करावी. तालुक्याच्या गावात फोटोग्राफरचं पोट चालतं ते लग्न, साखरपुडा, बारसं, पासपोर्ट फोटो आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. एवढंच करायचं असेल तर डिग्रीची गरज नाही. चांगल्या स्टुडिओवाल्याच्या हाताखाली दोन लग्नसराया काढल्या तर लाईट कुठं लावायचा, अक्षता पडताना कुठं उभं राहायचं, अल्बम कसा लावायचा हे सगळं कळतं. दहावी झालेल्यांसाठी आयटीआयमध्ये डिजिटल फोटोग्राफर नावाचा एक वर्षाचा ट्रेडही आहे. सगळ्या आयटीआयत तो नाही, चौकशी करावी लागते.

जाहिरात, मासिकं, मोठ्या कंपन्यांची कामं डोक्यात असतील तर बारावीनंतर बीएफए म्हणजे उपयोजित कलेची डिग्री हा रस्ता आहे. त्यात फोटोग्राफी हा एक विषय असतो. राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी सीईटी सेलची एएसी सीईटी द्यावी लागते, आणि इथंच गावाकडची पोरं फसतात. ही परीक्षा चित्रकलेची आहे, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र काढावं लागतं. हात बसायला वेळ लागतो, निकालानंतर जागं होऊन भागत नाही. मुंबईची जेजे ही 1857 पासूनची संस्था. तिला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाचे नियम तिच्याच वेबसाईटवर बघावेत.

पुण्याच्या एफटीआयआयचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण तिथला सिनेमॅटोग्राफीचा मुख्य कोर्स सिनेमाच्या कॅमेऱ्याचा आहे आणि त्यासाठी आधी पदवी लागते. गुजरातेत गांधीनगरला एनआयडीमध्ये फोटोग्राफी डिझाईन आहे, तेही पदवीनंतरच. बारावीवर कोणी तिथं डायरेक्ट ॲडमिशन करून देतो म्हणत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

आता खासगी क्लास आणि अकादम्या. यातल्या काही खरंच चांगल्या आहेत, काही नुसत्या काचेच्या केबिनी. ओळखायचं कसं? आधी कागद बघा. पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं विद्यापीठाला किंवा तसा अधिकार मिळालेल्या संस्थेलाच आहे. डिप्लोमा हा शब्द मात्र कोणीही सर्टिफिकेटवर छापू शकतो. म्हणून मार्कलिस्टवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार ते विचारा आणि ते नाव यूजीसीच्या वेबसाईटवर शोधा. शैक्षणिक कर्ज किंवा महाडीबीटीची शिष्यवृत्ती पाहिजे असेल तर मान्यतेशिवाय काम अडतं. नुसतं कामच शिकायचं असेल तर कागद कमी महत्त्वाचा, पण मग शिकवणं तरी दणदणीत पाहिजे.

त्यासाठी एक दिवस वर्गात बसू द्या म्हणावं. बसू देत नसतील तर उठून यावं. किती पोरांत किती कॅमेरे आहेत, आठवड्यातून किती तास कॅमेरा स्वतःच्या हातात येतो, ते मोजा. शिकवणाऱ्याला एक साधा प्रश्न टाका: मांडवातल्या लाईटखाली कधी कधी फोटोत काळे पट्टे का येतात? आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही. शटर 1/500 वर ठेवलं की कॅमेरा ते पकडतो, 1/100 किंवा 1/50 वर आणलं की पट्टे बहुतेक जातात. ज्यानं मांडवात रात्र काढलीय तो हे चुटकीसरशी सांगेल. सेटिंग ऑटोवर ठेवा असं उत्तर आलं तर समजून घ्या.

ड्रोनचं वेगळं बघावं लागतं. कोर्समध्ये ड्रोनही शिकवतो असं बरेच जण सांगतात. पण 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर डीजीसीएची मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेतून रिमोट पायलट सर्टिफिकेट घ्यावं लागतं. वय किमान 18 आणि दहावी पास. क्लासचं स्वतःचं ड्रोन सर्टिफिकेट तिथं चालत नाही.

कोर्स सुरू व्हायच्या आधी हप्त्यावर महागडा कॅमेरा घेऊ नका. काही ठिकाणी फीसोबत कॅमेराही गळ्यात मारतात. जुना किंवा भाड्याचा कॅमेरा शिकायला पुरतो, आणि पुढं पैसे आले तर आधी चांगली लेन्स घ्यावी असं जुने स्टुडिओवाले सांगतात ते खरंच आहे.

गेल्या वर्षीची पोरं आज काय करतात तेही विचारा. क्लासनं दिलेल्या एका नंबरावर थांबू नका, त्यांच्या इन्स्टाग्रामवरून दोघा-तिघांना तुम्हीच शोधा. मुलगी जाणार असेल तर हॉस्टेल आणि रात्रीच्या कामावरून परतायची सोय आईवडिलांनी स्वतः जाऊन बघावी. मुलींचं हे क्षेत्र नाही म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला जेजेतच शिकल्या होत्या.

सगळं पटलं तर फी हप्त्यानं भरा. पावतीवर संस्थेचं नाव, कोर्सचं नाव, कालावधी आणि मधेच सोडल्यास किती पैसे परत, हे लिहून घ्या.