सामाईक सातबारा

आष्ट्याच्या काळ्या रानात भावाभावांची वाटणी उभी होते. रस्त्याकडच्या बांधापासून मागच्या ओढ्यापर्यंत लांबच लांब पट्टे पाडले की प्रत्येकाला वाट मिळते, विहिरीच्या पाण्याची पाळी मिळते आणि खालच्या अंगाला क्षारपड झालेले रानही सगळ्यांच्या वाट्याला थोडेथोडे येते. कोर्टाच्या भाषेत हेच ‘सरसनिरस मानाने वाटप’. पट्टा अरुंद होतो, उसाची ट्रॉली आत वळत नाही. तरी न्याय याच रीतीत आहे, हे जुनी माणसे ओळखून होती.

पण ही वाटणी दोरीने होते. चुलते, मामा समोर बसतात, चुना पडतो आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या पट्ट्यात नांगर घालतो. सातबारा सामाईकच राहतो. सोसायटीचे कर्ज, कारखान्याकडची उसाची नोंद सगळे सुरळीत चालते, म्हणून वीस-तीस वर्षे कुणाला काही टोचत नाही. टोचते ते सरकारी मोजणी शिवारात आली की.

चौघा भावांची चार एकरे धरा. नव्या रस्त्याची आखणी कडेच्या भावाच्या पट्ट्यातून गेली आणि त्याचे ४० पैकी ३० गुंठे गेले. बाकी तिघांच्या उसाला धक्काही नाही. पण सातबाऱ्यावर नावे चौघांची, आणि वडिलांच्या पश्चात वारसनोंदीने आलेल्या दोन बहिणींचीही. मोबदला सहा जणांत गेला तर ज्याचे रान गेले त्याच्या हाती पाच गुंठ्यांचे पैसे येतात. त्याचे म्हणणे, माझी वहिवाट गेली, पैसे माझे. भाऊ म्हणतात, कागद दाखव. बहिणी म्हणतात, दोरी पडली तेव्हा आम्हाला कुणी विचारले होते? तिघांचेही खरे आहे. अशी घरे तुटताना मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाटले की एक नोंदवलेले वाटणीपत्र असते तर निदान हे बोलणे इथवर आले नसते.

सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा सरकारचा अधिकार जुना आहे. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला. उरले कलम ३००-अ. त्या कलमातच नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय आणि रास्त मोबदला हे सगळे येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सांगितले. दराचे गणित २०१३ च्या कायद्यात आहे: बाजारभावाला ग्रामीण भागात १ ते २ च्या गुणांकाने गुणायचे आणि त्यावर तितकेच दिलासा रक्कम म्हणून द्यायचे. गुणांक २ असेल तर चौपट, १ असेल तर दुप्पट. रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या अंकली–चोकाक टप्प्यात शेतकऱ्यांनी चौपटीसाठी जो लढा दिला, तो या एका आकड्यावरचा होता. शक्तिपीठ महामार्गाला तर सांगली-कोल्हापुरात जमीन देण्यालाच विरोध झाला. अशा लढाईला गाव एकजुटीने उतरते. पैसे कुणाचे, ही लढाई मात्र घरात होते.

ती लढाई भूसंपादन अधिकारी सोडवू शकत नाही. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३-एच मध्ये स्पष्ट आहे की वाटपाचा वाद निघाला तर तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवायचा. तोवर रान गेलेले असते आणि रक्कम अडकून पडते.

हिस्सा कसा मोजायचा, याचा देशभर वाचला जाणारा निकाल सांगलीतूनच वर गेला. १९६० साली एका घरातले वडील वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. आईने सांगलीच्या दिवाणी न्यायालयात ७/२४ हिस्सा मागितला. तिचा हिशेब असा: पती हयात असताना वाटप झाले असते तर पती, ती आणि दोन मुलगे यांना पाव-पाव मिळाला असता, पतीचा पाव सहा वारसांत वाटला की तिला आणखी १/२४. खालच्या न्यायालयाने फक्त १/२४ दिला. आई हटली नाही. २७ एप्रिल १९७८ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या निकालाने तिचे ७/२४ कायम झाले. हाच तो गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम खटला. मुलींचा हिस्सा मात्र १/२४ च राहिला. वडील २००५ नंतर वारले असते, तर याच घरात सहाही जणांना सहावा हिस्सा मिळाला असता.

हा फरक टप्प्याटप्प्याने पडला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मतः हिस्सा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो अडसर काढला. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरले की २००५ च्या त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाने २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले वाटप टिकते. नुसत्या तोंडी वाटपावर मुलीचा हक्क सहसा बुडवता येत नाही. दोरीने पडलेल्या आपल्याकडच्या वाटण्या इथेच उघड्या पडतात.

आणि म्हणून हक्कसोडपत्राची घाई होते. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे नेतात. माहेर तुटू नये म्हणून ती अंगठा देते. महिन्या-दोन महिन्यांत संपादनाची अधिसूचना निघते आणि आपण काय सोडले ते तिला तेव्हा कळते. आखणीची कुणकुण लागलेली असताना तिच्यापासून ती लपवून घेतलेली सही मी फसवणूकच मानतो.

एकमत असेल तर वाट सोपी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे सर्व सहहिस्सेदारांनी अर्ज करायचा. शेतजमिनीच्या अशा वाटणीपत्राची नोंदणी फीही २०२५ मध्ये राज्याने माफ केली. एकमत नसेल तर इस्लामपूर, आताचे ईश्वरपूर, किंवा सांगलीत दावा. आधी प्राथमिक हुकूमनामा हिस्से ठरवतो. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, भूमी अभिलेखचा भूकरमापक येतो आणि पोटहिस्से पडतात. मधल्या काळात वर्षे जातात, कधी पक्षकारही जातात. पण प्राथमिक हुकूमनाम्यानंतरच्या या कामाला मुदतीची आडकाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. आईच्या नावाचा जुना हुकूमनामा ट्रंकेत पडून असेल, तर तिची मुलगी तो घेऊन आजही कोर्टाची पायरी चढू शकते.